गिऱ्हाईक काय बघून गेलं?

वर्तकनगर, ठाणे
६ जानेवारी २०२६

निशाताई,

तुझा फोन लागतो, वाजतो आणि वाजून वाजून थांबतो. मेसेज टाकले, तेही तू बघितलेले दिसत नाहीत. म्हणून शेवटी हा मेल. रागावलीस का गं? मी ऑफिस सोडलं तेव्हा तू बाळंतपणाच्या रजेवर गेलेलीस, घाईघाईत तुला नीट सांगायचं राहूनच गेलं. राग असेल तर आधी भरपूर शिव्या घाल, पण मग मदत कर. मी पार अडकलेय.

मी आता काकीबरोबर काम करते. चंद्रभागा काकी, आमच्या कोळीवाड्यातली. माझ्या डब्यातलं जे सुक्या कोळंबीचं कालवण तू माझ्याआधी संपवायचीस, ते तिच्या हातचं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती डोंबिवलीच्या बाजारात म्हावरं घेऊन बसायची. दिवाळीच्या आधी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता पाटी उचलायची नाही, मांडी घालून खाली बसायचं नाही. काकी घरात खुर्चीवर बसून भिंतीकडे बघायला लागली. मला ते बघवेना. मग मी कोळीवाड्यातल्या बायकांच्या गटासाठी ॲप बनवलं. नाव 'म्हावरं'. सकाळी काय आलं त्याचे फोटो टाकायचे, लोक ऑर्डर देतात, बायका साफ करून देतात आणि माझा चुलतभाऊ प्रितम गाडीवरून ठाण्यात, दिव्यात, डोंबिवलीत पोचवतो. ऑर्डर घेणं, वाटणी करणं, सगळं काकी बघते, खुर्चीवरूनच.

पण ती खूश नाही. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "कृतिका, बाजारान गिऱ्हाईक आयलं का त्याच्या डोल्यान मना दिसायचं. बघतंय पापलेटाकडं पन बोंबील घेऊन जाईल, हे मी आधीच वलखायची. या मोबाईलान मना कोनच दिसत नाय. कोन आयलं, काय बघून गेलं, काय ठाव?"

त्यासाठी मी एक ॲनॅलिटिक्सची सेवा घेतली. त्यांचं किट आपल्या ॲपमध्ये बसवलं की कोणी कुठला फोटो उघडला, काय निवडलं, कुठून परत फिरला, हे सगळं एका पडद्यावर दिसतं. म्हणजे दिसतं म्हणतात. मी अँड्रॉइडला बसवलं, आयफोनला बसवलं, कुठेही लाल अक्षरात काही आलं नाही, आणि माझा पडदा कोरा तो कोराच.

फेब्रुवारीच्या शेवटी गटाची बैठक आहे. रमाबाई म्हणून आहेत, त्यांचं म्हणणं, ॲप बंद करा, सगळ्या परत बाजारात जाऊन बसू. त्या बसतील गं. काकी कशी बसणार?

कोड सोबत पाठवलाय. प्लीज बघ.

तुझी
कृतिका


डोंबिवली पूर्व
८ जानेवारी

कृतिका,

राग कसला, वेडे! सान्वी झाल्यापासून माझा फोन मुका आहे. ही बाई खांद्यावर झोपते, पाळण्यात ठेवली की डोळे उघडते, आणि फोन वाजला तर अख्ख्या सोसायटीला उठवते. बोलता येत नाही, पण एका अंगठ्याने टाइप करता येतं. तेव्हा फोन करू नकोस, लिही. मी लिहीन. पूर्वी लोक असेच जगायचे म्हणतात.

तुझं ॲप घेतलं. फोटो फार छान आहेत. बोंबलांच्या फोटोत मागे कोणाचं तरी पाऊल आलंय, तेवढं काप.

कोड वाचला. अगं, तुझी ॲप दोन आहेत, एक अँड्रॉइडचं, एक आयफोनचं. त्या सेवेकडे दोघांची वेगवेगळी नोंदणी करायची असते आणि दोघांना वेगवेगळी चावी मिळते. तू एकच चावी दोन्ही दारांना लावलीस. बरं, लावलीस तीही चाचणीची. नोंदी येतायत, पण सगळ्या चाचणीच्या खोलीत जाऊन बसतायत आणि तू दिवाणखान्यात पाहुण्यांची वाट बघतेयस. चाव्या बदल, पडदा भरेल.

पण त्याआधी एक. ॲप उघडणाऱ्या माणसाला तू विचारलंच नाहीस. 'तुम्ही काय बघता याची आम्ही नोंद ठेवू का?' असं साध्या मराठीत, एका ओळीत विचार. तो नको म्हणाला तर किट सुरूच करायचं नाही. आणि नाव, नंबर, पत्ता यातलं काहीही त्या सेवेकडे जाता कामा नये. नुसता ग्राहक क्रमांक पाठव. म्हावरं घेणाऱ्याने आपल्याला पिशवी दाखवली, घर नाही दाखवलं.

आणि कशाकशाची नोंद ठेवायची हे तू ठरवू नकोस. आठवतंय ना, ऑफिसात आपण प्रत्येक बटणाची नोंद ठेवायचो आणि वर्षभर कोणी ती उघडून बघायचं नाही. तुझ्या काकीला विचार, तिला नेमकं काय कळायला हवंय. आधी तिचे प्रश्न, मग तुझी बटणं.

मी मजेत आहे. घर छान चाललंय. मार्चमध्ये ऑफिसला रुजू होणार, त्याचीही तयारी चालू आहे. काळजी करू नकोस, कधीही विचार.

निशा


वर्तकनगर
१५ जानेवारी

निशाताई, निशाताई, निशाताई!

दिसलं! चाव्या बदलल्या, नवीन आवृत्ती काढली आणि काकीच्या हातात तिचाच फोन दिला. तिने 'हो' दाबलं, मग जिताड्याचा फोटो दाबला. माझ्या लॅपटॉपवर एक ओळ उमटली. काकी ओरडली, "आयलं! आयलं!" आणि मग दाबतच बसली. पापलेट दाब, कोळंबी दाब, चिंबोरी दाब. शेजारची सखुबाई धावत आली, तिला वाटलं काकी पडली.

तू म्हणालीस तसं काकीला विचारलं, तुला काय बघायचंय? तिने डोळे मिटून सांगितलं. गिऱ्हाईक आधी लांबून बघतं. मग जवळ येतं. मग ताजं आहे का बघायला कल्ला उचलतं. कल्ला उचलला की समजायचं, मन झालंय. मग पाटीत टाकतं, नाहीतर फिरून जातं. मी नोंदींची नावं तीच ठेवली. यादी उघडली की 'लांबून बघितलं', मासा उघडला की 'जवळ आलं', फोटो मोठा केला की 'कल्ला उचलला'. आपल्या जुन्या साहेबांनी बघितलं असतं तर चक्कर आली असती, पण काकी आता पडदा स्वतः वाचते.

आणि खरी बातमी पुढेच आहे. तीन दिवसांत आठशेच्या वर नवी गिऱ्हाईकं! आठशे! पडद्याचं चित्र आणि नवा कोड सोबत पाठवतेय. मला वाटलं होतं पन्नास असतील तरी पुष्कळ. काकीने आख्ख्या कोळीवाड्यात सांगितलं. पाण्याच्या टाकीपाशी सांगितलं, देवळात सांगितलं, रमाबाईंच्या दारात तर काठी टेकत टेकत मुद्दाम जाऊन सांगितलं. एवढं गिऱ्हाईक बघतंय म्हटल्यावर रविवारी घेणारच, म्हणून तिने रविवारसाठी दुप्पट म्हावरं सांगून ठेवलंय. परशुराम काकांच्या होडीला खाडीतली कोळंबी, बाकीचं समुद्रावरच्या मोठ्या धक्क्यावरून.

तुला भेटायला यायचंय. सान्वीला काय आणू?

आनंदात नाचणारी
कृतिका


डोंबिवली
१९ जानेवारी

कृतिका,

आधी सांग, रविवार कसा गेला?

शनिवारी सान्वीला लस दिली, दोन दिवस अंग तापलेलं, त्यामुळे तुझा मेल आज उघडला. वाचल्यावर आधी आकडेच उघडून बसले. आठशे नवी माणसं, आणि परत आलेलं एकही नाही? तू लिहिलं नाहीस, पण पाठवलेल्या चित्रात दिसतंय, 'परत आलेले' पुढे शून्य आहे. अगं, डोंबिवलीत म्हावरं एकदाच खाऊन कोण थांबतं?

तुझा नवा कोड बघितला. एक ओळ चुकलीय, पण भलत्या जागी चुकलीय. माणूस लॉगआउट करून बाहेर पडतो तेव्हा त्याची ओळख पुसायची असते, म्हणजे त्याच फोनवर घरातल्या दुसऱ्या कोणी लॉगिन केलं तर दोघांची गल्लत होत नाही. ती पुसायची ओळ तू ॲप उघडतानाच चालवतेस. माणूस दारात आला की तू त्याला विसरतेस आणि नवा पाहुणा म्हणून नमस्कार करतेस. एकाच माणसाने दिवसात दहादा उघडलं तर तुझ्या पडद्यावर दहा माणसं. ती ओळ उचल आणि लॉगआउटच्या बटणामागे ठेव, बस.

आता हसू नकोस. त्या आठशेमधल्या बऱ्याच जणी मी एकटीच आहे.

सान्वीला पाजताना मी तुझं ॲप उघडते. काही घ्यायचं नसतं. बर्फावरची चिंबोरी बघते, त्या ओल्या फरशीवर बायकांच्या बांगड्यांचे हात दिसतात ते बघते. रोज फोटो बदललेले असतात. माझ्या घरात रोज काही बदलत नाही. नवरोबा दिपेश सकाळी जातो तो रात्री जेवायच्या वेळेला येतो, सासूबाई नणंदेकडे नाशिकला गेल्यात. दिवसभर मी बोलते ते सान्वीशी, आणि ती उत्तरादाखल दूध ओकते. म्हणून तुझ्याकडे डोकावायची सवय लागली. माझ्यामुळे काकीचा हिशोब चुकला असेल तर तिची माफी माग.

लवकर लिही.

निशा


वर्तकनगर
२२ जानेवारी

निशाताई,

रविवार कसा गेला विचारतेस. दुपार झाली तरी निम्म्या पाट्या भरलेल्या. बर्फ वितळतोय, ऑर्डर येत नाहीत, मी पडद्याकडे बघतेय, काकी माझ्याकडे बघतेय. आणि रमाबाई दारात उभ्या. "काय गं चंद्रभागे, आठशे गिऱ्हाईक कुटं गेलं? खाडीन बुडालं?"

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. काकी काठी घेऊन उठली. सखुबाईला म्हणाली, चूल पेटव. अंगणात तीन चुली मांडल्या. कोळंबीचं कालवण, बोंबील तळलेले, तांदळाच्या भाकऱ्या. जो दिसेल त्याला हाक. परशुराम काका होडीवरचे सगळे घेऊन आले, पलीकडच्या इमारतीत रंगकाम करणारे बिहारचे कामगार आले, पोरं तर मोजताच येईनात. कोणीतरी बेंजोवाल्याला बोलावलं. आणि ताई, रमाबाई दोन वेळा वाढून घेऊन जेवल्या! जाताना म्हणाल्या, "असा तोटा दर ऐतवारी होऊदे."

पण काकी दोन दिवस माझ्याशी फार बोलली नाही. तिने सगळीकडे सांगून ठेवलेलं ना. तुझा मेल आल्यावर मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, ती ओळ दाखवली, ती हलवली, पुन्हा आवृत्ती काढली. दोन दिवसांनी खरा आकडा आला. माणसं शंभर-सव्वाशेच आहेत. माझा चेहरा पडला. काकीने चष्मा लावला, बोट फिरवत फिरवत बघितलं आणि म्हणाली, "म्हंजे हीच मानसं परत परत येतात?" मी म्हटलं, हो, जवळजवळ सगळीच. तिचा चेहरा असा खुलला की काय सांगू. मग आम्ही दोघी त्या आकड्यांकडे बघत किती वेळ हसत बसलो.

तुझंही सांगितलं. "ती पोरगी दिवसातनं इतक्यांदा येते न घेत कायच नाय?" मी म्हटलं, बाळंतीण आहे, घरी एकटीच असते. तर माझ्यावरच ओरडली. "मंग मना आधी का नाय सांगितलंस?" उद्या प्रितम तुझ्याकडे येईल. दार उघड.

आता नवं दुखणं. लोक कल्ला उचलतात, पाटीतही टाकतात, आणि पुढच्या पानावर, 'कसं कापून हवं?' या पानावर, निम्मे जण फिरून जातात. मला वाटतंय तिथलं बटण काही फोनवर चालत नाहीये. मी सगळे फोन तपासले, चालतंय. तुला पडदा बघायची परवानगी देऊन ठेवलीय. नावं नाहीत, नुसते क्रमांक. बघशील?

कृतिका


डोंबिवली
२ फेब्रुवारी

कृतिका,

प्रितमने दारात डबा दिला आणि म्हणाला, "काकीने सांगितलंय, मुशी आहे, बाळंतिणीला चांगली, तिखट कमी घाल, लसूण भरपूर घाल, आणि तुझ्या आईला फोन करून विचारू नकोस, मीच सांगते कशी करायची." आणि त्याने त्याच्या फोनवर काकीचं बोलणं ऐकवलं. ओळख ना पाळख, आणि ती बाई मला सांगतेय, आधी पाण्यात उकडून घे, कातडं सोल, पोरीला कडेवर घेऊन फोडणी देऊ नकोस. मी दारातच रडायला लागले. प्रितम घाबरून जिन्यावरून पळाला. त्याला सॉरी सांग.

मी तुला लिहिलं होतं ना, मजेत आहे. नव्हते. ऑफिसातून दोनदा फोन आला, दोन मार्चला येताय ना म्हणून. मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर लॅपटॉप उघडायचीसुद्धा भीती वाटली. वाटायचं, सगळं विसरले, आता माझ्याच्याने एक ओळ लिहिली जायची नाही. तुझी ती चुकलेली ओळ सापडली त्या दिवशी मी खूप दिवसांनी आरशात बघून केस विंचरले.

आता तुझं दुखणं. बटण चालतं. मी पडदा चार दिवस बघत होते. माणसं त्या पानावर येतात, थांबतात, वर-खाली करतात आणि जातात. बटण बिघडलेलं असतं तर रागाने परत परत दाबलं असतं. हे रागावत नाहीत, हे गोंधळतात. का, ते पडद्यावर लिहिलेलं नसतं. म्हणून सान्वीला घेऊन समोरच्या अमृताकडे गेले. नवीन लग्न होऊन आलीय, बँकेत नोकरी करते. तिला म्हटलं, हे ॲप घे आणि माझ्यासमोर सुरमई मागव. तिने फोटो बघितले, सुरमई टाकली आणि त्या पानावर अडकली. तुझे सहा पर्याय आहेत गं! डोकं ठेवून, डोकं काढून, आडवे काप, उभे तुकडे... ती म्हणाली, "निशाताई, मला काय माहीत कसं कापतात? आई बाजारात जायची तेव्हा मी बरोबर असायचे. कोळीण विचारायची, काय करणार, कालवण का तळणार? आई सांगायची आणि ती कापून द्यायची. हे कोण विचारतंय?"

कृतिका, त्या पानावर तुझे सहा पर्याय नको आहेत. तिथे काकी हवी आहे.

एकच बटण ठेव. 'काकीला विचारा'. दाबलं की माणूस आवाजात सांगेल काय करायचंय, आणि काकी आवाजातच उत्तर देईल. ज्यांना कापायचं कळतं त्यांच्यासाठी जुने पर्याय खाली राहू देत. मी ते लिहिलंय. दोन्ही ॲपसाठी. सान्वी झोपली की थोडं थोडं करून. 'काकीला विचारलं' अशी नोंदही घातलीय, म्हणजे किती जण विचारतात आणि विचारून घेतात का, ते दिसेल. आवाज मात्र त्या सेवेकडे जात नाहीत, ते गटाकडेच राहतात, तेही नीट तपासलंय.

कोड सोबत आहे. चुका काढ. खरंच काढ.

निशा


वर्तकनगर
१७ फेब्रुवारी

निशाताई,

चूक एकही नव्हती. मी मुद्दाम शोधत होते, मिळाली असती तर मला फार बरं वाटलं असतं!

आता इकडची मजा ऐक. बटण गेल्या मंगळवारी सुरू केलं. काकीला फोन कानाला लावून बसवलं. तास गेला, कोणी नाही. काकी म्हणाली, "बघ, कोनाला म्हातारीशी बोलायचं नाय." एवढ्यात पहिला आवाज आला. दिव्याचा कोणी मुलगा, खोलीवर तिघे मित्र राहतात. "काकी, हमको... म्हणजे आम्हाला बांगडे पाहिजेत, पण आमच्याकडे कढई एकच आहे." काकी हसून हसून लाल. त्याला म्हणाली, "बाला, एकच कढय हाय ना, मंग कालवन कर, तळू नको. मी तुकडे मोठे देते. कोकम हाय का घरान? नाय? देते मी." त्या संध्याकाळी मुलाने फोटो पाठवला. कालवण काळं झालेलं. काकीने पुन्हा उत्तर दिलं, "जळलं तरी खा, पुढच्या बारीला शिकवते."

ताई, त्यानंतर थांबलंच नाही. एक बाई विचारते, सासरे वारले, तेराव्यानंतर पहिल्यांदा घरात मासे करायचेत, काय करू? काकी बराच वेळ तिच्याशी बोलली. एक आजोबा रोज विचारतात आणि रोज बोंबीलच घेतात. अर्धे लोक काय कापायचं ते सोडून भलतंच विचारतात. आमच्या जुन्या बाजारातली दोन गिऱ्हाईकं तर आवाज ओळखून ओरडली, "अगं चंद्रभागा, तू आहेस? आम्हाला वाटलं तू धंदा सोडलास!" त्या दिवशी काकी संध्याकाळपर्यंत गाणं गुणगुणत होती.

त्या पानावरून आता फार थोडे फिरून जातात. पडद्यावर ऑर्डरची रेघ वर चढलेली बघून मी काकीला दाखवायला गेले, तर तिला वेळच नव्हता. हातानेच थांब म्हणाली, फोन कानाला.

आणि सगळ्यात मोठं. काल रमाबाई आल्या. उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "चंद्रभागा, तू एकली किती बोलशील? ऐतवारी मना देत जा तो फोन. सुकटीचं मी तुझ्यापरीस चांगलं सांगते." काकीने त्यांना खुर्ची दिली.

बैठक अठ्ठावीस तारखेला आहे, शनिवारी. तुला यायचंय. हे मी नाही, गट सांगतोय. सगळ्या जणींना त्या बटणवालीला बघायचंय. आणि काकीचं अजून एक म्हणणं आहे, ते ती स्वतःच सांगणार आहे, मला लिहायला मनाई आहे. एवढंच सांगते की ऑफिसला पक्कं काही कळवू नकोस.

कृतिका


डोंबिवली
१ मार्च

कृतिका,

काल तुम्ही मला सोडायला एवढ्या जणी आलात की नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय. दिपेशही इथे बसलाय, म्हणतोय माझंही लिही, काल बांधून दिलेले ते तळलेले बोंबील कधी परत मिळतील.

काकीने सगळ्यांसमोर विचारलं ना, "आमचं काम करशील का पोरी? घरातनं कर. पोरीला घेऊन कर. जमेल तितकं कर," तेव्हा मी गप्प राहिले. तू घाबरलीस, मला दिसलं. मी गप्प होते कारण तिथे बसलेल्या सगळ्या जणी माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि मला खूप दिवसांनी वाटलं की मी काय म्हणते याची कोणीतरी वाट बघतंय. तो क्षण मला जरा लांबवायचा होता.

आज रविवार, तरी सकाळी साहेबांना घरी फोन करून कळवलं. येत नाही म्हणून. साहेब म्हणाले, दुसरीकडे मिळालं का? मी म्हटलं, हो, मासळी बाजारात. ते हसले, त्यांना थट्टा वाटली. सासूबाईंना नाशिकला फोन केला, तर त्यांनी एवढंच विचारलं, "सुके सोडे मिळतील का गं चांगले?" म्हणजे परवानगी मिळाली. उद्या, सोमवारपासून मी तुमची. पहिलं काम मीच ठरवलंय, रमाबाईंचं वेगळं बटण. त्या बैठकीनंतर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, 'काकीला विचारा' आहे, मग 'रमाबाईला विचारा' का नाही?

पण हे सगळं सोड. तू तेव्हा प्रितमबरोबर खुर्च्या उचलत होतीस, म्हणून तुला दिसलं नाही. होळीच्या तयारीसाठी बायका खाडीवरच्या धक्क्याकडे निघाल्या होत्या. मीही त्यांच्याबरोबर गेले, सान्वीला घेऊन धक्क्याच्या पायरीवर उभी. परशुराम काकांची होडी लागली आणि सखुबाईने तिथूनच म्हावऱ्याच्या लिलावाची बोली सुरू केली, कमरेला पदर खोचून, हात वर करून, तो त्यांचा आरोळीचा सूर. मला वाटलं आता सान्वी दचकणार, रडणार. मी तिचा कान झाकायला हात नेला.

ती हसली, कृतिका. नुसती ओठांनी नाही. आवाज करून, पोट हलवून, खळखळून. पहिल्यांदा. एवढंसं अंग आणि एवढा मोठा आवाज! सखुबाईने वळून बघितलं, बोली तशीच अर्धवट टाकली आणि पुन्हा एकदा, फक्त तिच्यासाठी आरोळी ठोकली. ती आणखी हसली. मग काकीने काठी वर करून आरोळी ठोकली, मग रमाबाईंनी, मग होडीतून काकांनी. अख्खा धक्का ओरडत होता, म्हावरं तसंच पाटीत पडलेलं, आणि माझी मुलगी हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं आपटत होती.

निशा